विहीर सतरा आणि वरचा प्रिंटर

दत्तोपंत लासूरकरांच्या घरात फ्रिजच्या दारावर परिपत्रकं लागतात, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं गोंधळ व्हायला नको. परिपत्रक म्हणजे खरोखरचं परिपत्रक. डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, उजव्या कोपऱ्यात तारीख, खाली सही, आणि सहीच्या खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून बायको भानुमती, मुलगा मिहिर आणि सून वैदेही यांची नावं. 'जिन्यातला दिवा सायंकाळी सातनंतरच लावण्यात यावा.' 'कात्री वापरानंतर मूळ जागी ठेवण्यात यावी.' घरातलं कुणी ती वाचत नाही ही गोष्ट वेगळी. सरकारची तरी कोण वाचतो?

दत्तोपंतांची चौतीस वर्षं एका पाण्याच्या खात्यात गेली, पण पाण्याशी त्यांचा संबंध कागदापुरता. ते होते रेकॉर्ड रूममध्ये. तळघरातली खोली, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि दाराशी टेबल टाकून बसलेले दत्तोपंत. पाचोडचा, करमाडचा कुणी शेतकरी सकाळची एसटी धरून यायचा, म्हणायचा, साहेब, आमच्या विहिरीच्या नोंदीची नक्कल पाहिजे. दत्तोपंत चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "तोंडी चालणार नाही. लेखी द्या." तो लेखी घेऊन यायचा तोवर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपेस्तोवर त्याची परतीची गाडी. पण दत्तोपंतांनी कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही, हे खरं आहे आणि ते सांगायलाच पाहिजे. माणूस इमानदार. इमानदार माणसानं लोकांना किती छळावं याला मात्र कायदा नाही.

एकदाच काय ते दत्तोपंत तळघरातून उन्हात आले. सन शहाऐंशीला खात्यानं शहराभोवतालच्या विहिरींची पाहणी काढली, आणि तरुण कारकुनांना सायकली देऊन हर्सूलच्या बाजूला पिटाळलं. तीन महिने ते बांधाबांधानं हिंडले. पाचशे बारा विहिरी. कुठली किती खोल, कुठली बांधीव, कुठली बहात्तरच्या दुष्काळात आटली आणि कुठली नाही. खात्याच्या रजिस्टरात उतरवलंच, शिवाय स्वतःच्या वह्यांतही उतरवलं. ती पाहणी पुढं कुणी उघडून पाहिली नाही. शहर वाढलं, बांधांवर प्लॉट पडले, विहिरींत मुरूम टाकून त्यावर बंगले उठले. दत्तोपंतांचा स्वतःचा बंगलाही अशाच एका गटात, हर्सूलच्या अलीकडच्या अभिलाषा कॉलनीत, दोन हजार तीन साली उठला.

रिटायर झाल्यावर मिहिरनं त्यांना आपला जुना कॉम्प्युटर दिला. मिहिर शेंद्र्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. त्याला वाटलं, बाबा पत्ते खेळतील. बाबांनी तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला 'अभिलेख कक्ष' अशी पाटी लावली आणि पाचशे बारा विहिरी दोन बोटांनी टाइप करायला घेतल्या. तीन वर्षं टाइप करत होते. वह्यांतली रेखाटनं मिहिरनं स्कॅन करून आणून दिली. काम संपल्यावर मूळ वह्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या, म्हणजे भानुमतीबाईंनी रद्दीवाल्याला दिल्या आणि दत्तोपंतांनी त्याची नोंद केली.

मधे एकदा मिहिरनं पेन ड्राइव्ह लावला आणि त्यातून व्हायरस आला. दोन दिवस एकही विहीर दिसेना. मिहिरनं सगळं परत काढून दिलं, पण दत्तोपंतांनी धसका घेतला. त्यांनी देवघरातली मेणबत्ती आणली, कपाटातून ऑफिसातली उरलेली लाख काढली, ती वितळवून कॉम्प्युटरची पेन ड्राइव्हची सगळी भोकं बुजवली आणि वर आपल्या अंगठीचा शिक्का मारला. कीबोर्ड जुना, गोल पिनेचा, म्हणून तो तेवढा वाचला. इंटरनेटही त्यांनी त्या कॉम्प्युटरवर बंद करायला लावलं. दप्तर बाहेरच्या टपालानं जात नसतं.

राहिली एक वायर. ती जिन्यातून वर जाते, वैदेहीच्या कॉम्प्युटरपर्यंत. वैदेही कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्या खोलीत प्रिंटर आहे. मिहिरनं दोन हजार पंधराच्या दिवाळीत दोन्ही कॉम्प्युटर त्या वायरीनं जोडून खालचं फोल्डर वर दिसेल असं करून दिलं होतं. दत्तोपंतांना ही कल्पना आवडली. मूळ नस्ती खोलीतच राहते, वरच्या माणसाला नुसती पाहायला मिळते. त्यांच्या मते सगळ्या जगाचा कारभार असाच चालायला हवा होता.

आता दोन हजार सोळाचा एप्रिल. हर्सूलच्या तलावात ढेकळं निघाली होती, लातूरला रेल्वेनं पाणी चाललं होतं, आणि अभिलाषा कॉलनीत नळ पाचव्या दिवशी यायचा. यायचा म्हणजे सुसकारे टाकायचा. पाणी सुटलं की कॉलनीचा वॉचमन गल्लीतून शिट्टी मारत जायचा आणि बायका हातातलं टाकून धावायच्या. दत्तोपंत रोज सकाळी फिरायला निघताना त्याला विचारायचे, "वॉचमन, आज काय अंदाज?" तो म्हणायचा, "बघू सायेब." तेरा वर्षं हेच संभाषण चाललेलं. फिरून येऊन दत्तोपंत अभिलेख कक्षात बसायचे आणि विहिरींची अकारविल्हे यादी करायचे.

"तुमच्याकडे विहिरी पाचशे," भानुमतीबाई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या. "मला त्यातली एक कळशी द्या." त्यांचा गुडघा दुखरा. टँकरचं पाणी गेटपाशी मिळायचं, तिथून कळशा आणता आणता त्या मार्चमध्ये पायरीवर पडल्या होत्या. कपाळाला चार टाके पडले. दत्तोपंतांनी त्या दिवशी पायऱ्यांच्या कडेला दोरी बांधली आणि फ्रिजवर परिपत्रक लावलं. दुसरं काय करायचं हे त्यांना खरोखर सुचलं नाही. रात्री त्या झोपल्यावर ते त्यांच्या कपाळाकडे बघत बसायचे.

म्हणून त्या गुरुवारी कॉलनीचे अध्यक्ष भेटले तेव्हा दत्तोपंत एरवी बोलले नसते ते बोलले. कॉलनीनं आदल्या वर्षी एक बोअर घेतला होता. एका पाणाड्यानं तळहातावर नारळ धरला, तो नारळ नेमका अध्यक्षांच्या फाटकासमोर उभा राहिला, आणि चारशे फुटांपर्यंत निव्वळ धुरळा उडाला. आता दुसऱ्या बोअरची गाडी सोमवारी येणार होती. नारळ यंदा अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या फाटकासमोर उभा राहिला होता. कॉलनीच्या फंडात पैसे या एकाच बोअरपुरते. तो गेला की पावसाळ्यापर्यंत टँकर, आणि गेटपासूनच्या त्या पायऱ्या.

"या गटात एक विहीर होती," दत्तोपंत म्हणाले. "बांधीव. बहात्तरला आटली नाही अशी माझ्याकडे नोंद आहे. बोअरपेक्षा ती शोधून उपसा."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "रविवारी दहाला मंदिरात मीटिंग आहे. कागद आणा, नकाशासकट. तोंडी चालणार नाही."

ते शेवटचं वाक्य घोळवत दत्तोपंत घरी आले. हे वाक्य दुसऱ्या बाजूनं कसं लागतं ते त्यांना साठी उलटल्यावर प्रथमच कळत होतं.

शनिवारी दुपारी ते वर गेले आणि वैदेहीला म्हणाले, विहीर क्रमांक सतरा, दोन पानं, नोंद आणि रेखाटन, प्रिंट काढून दे. वैदेहीनं खालचं फोल्डर उघडायला घेतलं. कॉम्प्युटरनं बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की असं काही सापडत नाही.

"बाबा, तुम्ही खाली काही बदललं का?"

"मी? मी काही बदललेलं नाही," दत्तोपंत म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा.

मिहिर घरीच होता. त्यानं बाह्या सरसावल्या. कारखान्यातली मोठमोठी यंत्रं जो चालू करतो त्याला घरातले दोन कॉम्प्युटर म्हणजे काय, असा त्याचा चेहरा होता. त्यानं आधी वायर दोन्ही टोकांनी काढून परत लावली. मग राउटर बंद करून चालू केला. मग वरचा कॉम्प्युटर, मग खालचा. मग फायरवॉल बंद केली. मग वायरच खराब आहे असं ठरवलं आणि उन्हात स्कूटर काढून नवी वायर आणली. नवी वायर लावल्यावरही सापडत नाही ते नाहीच. मग तो म्हणाला, विंडोजच खराब आहे, परत टाकायला लागेल.

"काय टाकायला लागेल?" दत्तोपंत खालून.

"सगळं पुसून नवीन."

"पुसून?" दत्तोपंत दारात आडवे उभे राहिले. पाचशे बारा विहिरी होत्या आत. वह्या तर त्यांनी स्वतःच्या हुकमानं नष्ट केलेल्या.

वैदेही म्हणाली, "मग प्रिंटरच खाली आणू. एक वायर लावली की झालं."

"कुठं लावणार?" मिहिर म्हणाला. "भोकांत लाख आहे."

तिघांनी त्या लाखेकडे पाहिलं. लाल, गुळगुळीत, वर अंगठीचा गणपती.

"फोडू या," वैदेही म्हणाली.

"सील असं फोडता येत नाही," दत्तोपंत म्हणाले. "पंचनामा लागतो. आणि दोन पंच लागतात, घराबाहेरचे."

"मग स्क्रीनवर दिसतंय ते तुम्ही कागदावर उतरवून घ्या ना बाबा."

"नोंद उतरवीन, पण हातानं पुन्हा काढलेल्या रेखाटनाला नक्कल म्हणत नाहीत. अध्यक्ष दाखवून देतील आणि बरोबर दाखवून देतील."

मिहिर चहा प्यायला गेला. चांगल्या घरातला मुलगा, नाहीतर अशा वेळी माणूस घर सोडून जातो.

वैदेही मात्र खाली त्यांच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसली. ती शिकवते त्या झाडांना प्रश्न विचारून उपयोग नसतो, बघत बसावं लागतं, त्यामुळे तिला घाई नव्हती. "बाबा," ती म्हणाली, "वर हे फोल्डर मी शेवटचं फेब्रुवारीत उघडलं. तेव्हा चालत होतं. त्यानंतर तुम्ही रोज इथं काय काय केलंत ते सांगा. बदल नाही विचारत. काम विचारते."

"काम ना? मार्चमध्ये यादी पुरी केली. एकतीस मार्चला वर्ष बंद केलं. एक तारखेला नवं वर्ष उघडलं."

"वर्ष बंद केलं म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दप्तराचं वर्ष मार्चअखेर संपतं. पंधरा-सोळाचं दप्तर बंद करून सोळा-सतराचं उघडायचं. फोल्डरचं नाव बदललं, कॉम्प्युटरचं नावही बदललं. 'अभिलेख पंधरा-सोळा' होतं ते 'अभिलेख सोळा-सतरा' केलं. पासवर्डही नवीन वर्षाचा नवीन."

वैदेहीनं डोळे मिटून घेतले. "आणि वर जो कॉम्प्युटर आहे, तो अजून पंधरा-सोळालाच हाका मारतोय. तुम्ही म्हणालात काही बदललं नाही."

"यात बदल कुठं आहे?" दत्तोपंतांना खरंच आश्चर्य वाटलं. "दर वर्षीचंच आहे. आणि मी सगळ्यांना कळवलेलं आहे."

कळवलेलं होतं. वैदेही स्वयंपाकघरात गेली. फ्रिजच्या दारावर तिनंच चिकटवलेला टँकरच्या वेळांचा कागद होता. तो उचलला तर खाली परिपत्रक क्रमांक एक, दिनांक एक एप्रिल. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, अभिलेख कक्षातील संगणकाचे नाव आजपासून...' खाली सही, प्रत माहितीस्तव तिघांना. मिहिर हातात कप घेऊन तिच्या मागं येऊन उभा राहिला. काढलेली जुनी वायर अजून त्याच्या खांद्यावरच होती.

"एक एप्रिलचं आहे," तो म्हणाला. "मला वाटलं गंमत करतायत."

बाबांनी जन्मात कधी गंमत केली नव्हती, हे त्याला तेव्हा आठवायला हवं होतं.

नाव मिळालं, पण पासवर्ड उरला होता. पासवर्ड दत्तोपंतांनी सांगितला नाही. तो लखोट्यात घालून सीलबंद करून देवघरात भानुमतीबाईंच्या ताब्यात दिलेला होता, आणि आणीबाणीच्या प्रसंगी दोन साक्षीदारांसमोर फोडायचा होता. ही आणीबाणी आहे का, यावर पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी भानुमतीबाई ओल्या हातानं आल्या आणि त्यांनी टर्रकन लखोटा फाडला. आत कागदावर लिहिलं होतं, पाचोड, आणि पुढं एकोणीसशे एकोणऐंशी.

पाचोड हे त्यांचं माहेर. एकोणऐंशी हे लग्नाचं साल. मिहिर वायर गुंडाळायला लागला.

"सात वर्षांत एकदा पाचोडला नेलं नाही मला," भानुमतीबाई म्हणाल्या, "आणि इथं बसून रोज तेच टाइप करताय." मग कळशी उचलून त्या आत गेल्या. दत्तोपंत लखोट्याच्या लाखेचे तुकडे जमिनीवरून वेचत राहिले. अशा तक्रारीच्या उत्तरासाठी कुठला नमुना छापलेला नव्हता.

प्रिंट निघाला. दोन पानं. त्यावर वैदेहीनं 'खरी नक्कल' म्हणून सही केली तेव्हाच दत्तोपंतांनी तो हातात घेतला.

रविवारी दहाला मंदिराच्या मंडपात वॉचमननं सतरंज्या घातल्या, लोक बसले. अध्यक्षांनी कागद दोन्ही बाजूंनी तपासला आणि मोठ्यानं वाचला. "विहीर क्रमांक सतरा. गट नंबर त्रेचाळीस. दगडी बांधीव. खोली बेचाळीस फूट. सन बहात्तरच्या दुष्काळात आटली नाही. ठिकाण, पूर्वेच्या बांधापासून साठ पावले, मोठ्या चिंचेच्या दक्षिणेस." मग त्यांनी रेखाटन उलटंसुलटं करून पाहिलं. "लासूरकर, पूर्वेचा बांध कुठला?"

दत्तोपंतांनी मान वळवून पाहिलं. बाहेर चारी दिशांना बंगले होते.

"आणि मोठी चिंच?"

चिंच कुठं असणार? कॉलनीत झाड म्हणून शिल्लक होती ती कुंड्यांतली. नोंद चोख होती, नक्कल खरी होती, सही साक्षांकित होती, आणि कागद घेऊन कुठं जायचं ते एकालाही सांगता येत नव्हतं. दोन बोटांनी तीन वर्षं टाइप केलेलं सगळं दत्तोपंतांच्या डोळ्यांसमोरून गेलं. भानुमतीबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. टाक्यांची खूण लांबूनही दिसत होती. दत्तोपंतांना तिकडं बघवेना.

"म्हणजे नारळच बरा," अध्यक्ष समाधानानं म्हणाले. मग उरलेली ओळ कशाला सोडायची म्हणून त्यांनी तीही वाचली. "माहिती देणार, सांडू कडुबा, वय बावीस, शेतकरी. हा कोण? आता कुठं शोधायचा हा?"

"असेल कुठंतरी," दत्तोपंत हताशपणे म्हणाले. "शहाऐंशीची गोष्ट. जमीन विकून गेले असतील करमाडकडे."

"म्या हाय की," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वॉचमन चहाचे कप गोळा करत होता. ट्रे त्यानं सावकाश खाली ठेवला.

"सांडू कडुबा म्या. ही आमचीच जमीन व्हती. चुलत्यानं इकली, मंग हितंच राखणीला ऱ्हायलो."

तेरा वर्षं हा माणूस रोज त्यांच्यासाठी शिट्टी मारत होता, आणि त्याला नाव असेल हे मंडपातल्या साठ माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

"दाखव मग विहीर," अध्यक्ष म्हणाले.

सांडू चपला घालून निघाला, मागं अख्खी मीटिंग. "चिंच हितं व्हती," तो विजेच्या डीपीला हात लावून म्हणाला. पुढं गटारापाशी थांबला. "ह्यो पूर्वेचा बांध." तिथून वळून तो पावलं मोजायला लागला. चाळीस झाली, पन्नास झाली. चोपन्नाव्या पावलाला त्यानं एका बंगल्याचं फाटक ढकललं, ओळखीच्या माणसासारखं कडी काढून आत गेला, कडेकडेनं कोपऱ्यातल्या खोलीपाशी आला आणि भिंतीवर थाप मारली. भिंतीवर पाटी होती, 'अभिलेख कक्ष'.

"ह्याच्या खाली," सांडू म्हणाला. "फरशी काढा. मुरूम हाय, त्याच्या खाली इहीर. लई गोड पाणी."

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" अध्यक्ष खेकसले.

"बोललो की. तुमाला बोललो मागल्या साली. तुमी म्हणलात, नारळ उभा ऱ्हायलाय, तू गेटवर जा." मग सांडूनं दत्तोपंतांकडं पाहिलं. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती हकीकत होती. "आन् सायबांला तर पाया खंदताना बोललो व्हतो. सायेब, खाली इहीर हाय, घर जरा सरकवून घ्या. सायेब म्हणले, तोंडी चालणार नाही, लेखी दे. मला लिव्हता येत नाय."

दत्तोपंत तिथल्या पायरीवर बसले. त्यांना तो माणूस आठवत नव्हता. पाया आठवत होता, ऊन आठवत होतं. ते वाक्य मात्र त्यांचंच होतं, शंकाच नको. या माणसाकडून शहाऐंशी साली एका बांधावर बसून आपण ऐकलं, ते लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर तो माणूस आपल्या लेखी संपला. तेव्हापासून आपण कागद जपत बसलो आणि याला वॉचमन म्हणत आलो. लाज वाटली त्यांना, सरळ लाज वाटली. आणि पायरीही तीच होती, भानुमतीबाई पडल्या ती. विहिरीच्या डोक्यावर बसून बायकोला गेटवरून पाणी आणायला लावलं होतं.

"खोली आजच रिकामी करायची का उद्या?" भानुमतीबाईंनी विचारलं. परवानगी मागितल्यासारखं नव्हतंच ते.

"आजच," दत्तोपंत म्हणाले.

कॉम्प्युटर त्यांनी स्वतः उचलून वर नेला आणि वैदेहीच्या टेबलावर, प्रिंटरच्या शेजारी ठेवला. दोघांमध्ये आता वीतभर अंतर होतं. जिन्यातल्या वायरीऐवजी वैदेहीच्या कॉम्प्युटरपर्यंत हातभर वायर पुरली. मिहिरला त्यातल्या त्यात त्याचंच समाधान. सील अभंग राहिलं, पंच लागले नाहीत.

बोअरची गाडी सोमवारी आली आणि परत गेली. त्याच दिवशी फरशी फुटली. सांडू सांगेल तसं आठ माणसं मुरूम उपसत राहिली. नवव्या दिवशी तिसाव्या फुटाला घमेल्यातून आलेली माती काळी आणि थंड होती. सांडूनं तिची मूठ आणून भानुमतीबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दाबली तसं बोटांच्या फटींतून पाणी निघालं. त्यांनी ओला हात दत्तोपंतांपुढं धरला. "घ्या," त्या म्हणाल्या, "नोंद करा."

दत्तोपंतांनी नोंद केली. संध्याकाळी त्यांनी फ्रिजवर नवं परिपत्रक लावलं, टँकरच्या वेळांचा कागद काढून. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, यापुढे अभिलेख कक्षात तोंडी माहितीही ग्राह्य धरण्यात येईल.' खाली प्रत माहितीस्तव चार नावं होती. चौथं होतं, श्री. सांडू कडुबा.

ती चौथी प्रत घेऊन ते गेटवर गेले. सांडूनं कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि परत दिला. तेव्हा कुठं दत्तोपंतांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि तिथंच स्टुलावर बसून जावक क्रमांकापासून सहीपर्यंत सगळं परिपत्रक त्याला वाचून दाखवलं.

सांडूनं ते नीट ऐकून घेतलं.

"बरं हाय सायेब," तो म्हणाला. "पर ह्ये नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं."